ओला कचरा जळत नाही, मग जाळायचा हट्ट कशाला?

कचऱ्यापासून वीज म्हटलं की सगळ्यांना बरं वाटतं आणि ते साहजिकच आहे. शहराबाहेर डोंगर साचलाय, तोच भट्टीत घातला आणि वीज मिळाली तर नको कोण म्हणेल. माझाही विरोध नाहीये. पण आपल्याकडे चर्चा सुरू होते ती डायरेक्ट मेगावॉटपासून, बादलीत नेमकं काय आहे हे कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते सगळं बिनसतं ते तिथेच.

दिल्लीतल्या तिमारपूरचं उदाहरण घ्या. १९८७ मध्ये तिथे डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने प्लांट उभा राहिला, रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि ३.७५ मेगावॉट वीज काढायची असा प्लॅन. भट्टीला किलोमागे साधारण १,४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा लागणार होता, प्रत्यक्षात आला तो ६००-७०० वाला. २१ दिवस चालला आणि बंद पडला. मशीनमध्ये खोट नव्हती हो, मशीन ज्या कचऱ्यासाठी बनवलं होतं तो कचरा आपला नव्हता, एवढंच.

यातलं गणित अगदी साधं आहे. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो, भाजीची देठं, सालं, उरलंसुरलं अन्न, आणि त्यात बहुतेक पाणीच. एक किलो पाण्याची वाफ करायची तर ६०० किलोकॅलरीच्या वर उष्णता जाते, म्हणजे कचऱ्यातून जी थोडीफार उष्णता निघते तिचा मोठा हिस्सा त्याच कचऱ्यातलं पाणी उडवण्यात संपतो. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर नुसता धूर होतो तसंच हे. वर झाडलोटीची माती आणि बांधकामाचा राडारोडा, तो तर जळतच नाही.

बरं, जे नीट जळलं असतं ते पुठ्ठे, कागद, बाटल्या कचरावेचकांनी आधीच उचललेल्या असतात, आणि ते योग्यच करतात. पुठ्ठा जाळून जेवढी ऊर्जा मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा तो परत वापरल्याने वाचते, शिवाय त्यावर किती घरं चालतात. मला खरा राग येतो तो इथे, की प्लांट आला की या लोकांना डेपोवरून हटवायची भाषा सुरू होते. कशासाठी, तर भट्टीला सुका माल पुरावा म्हणून!

आणि ओल्यामुळे भट्टी थंड पडणं हा नुसता वीज कमी मिळण्याचा प्रश्न नाहीये. धुरातले डायॉक्सिन नावाचे विषारी पदार्थ मोडायचे तर वायू निदान दोन सेकंद ८५० डिग्रीच्या वर राहायला लागतो. तापमान खाली आलं की वेगळं इंधन जाळून ते वर आणावं लागतं, नाहीतर ते विष आजूबाजूच्या वस्तीवर जातं. राख उरते ती वेगळीच, वजनाच्या साधारण पाचवा-चौथा हिस्सा, आणि फिल्टरमध्ये अडकलेल्या बारीक राखेत जड धातू असतात, ती कुठेही टाकता येत नाही.

मग महापालिका भट्टीच्याच मागे का लागतात? कारण डोंगर खरोखर माणसं मारतात. मार्च २०१७ मध्ये इथिओपियाच्या आदिस अबाबाला कोशे डेपो कोसळला, शंभरावर माणसं गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीचा गाझीपूर डेपो कोसळून दोघं गेले. अशा वेळी "रोज इतके टन गायब करून देतो" म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो, हे मी समजू शकते. आदिस अबाबाने तर कोशेलाच लागून २०१८ मध्ये रोज १,४०० टनांचा प्लांट सुरू केला. पण आपल्याकडचा डोंगर धुमसतो तोही मुख्यतः ओल्यामुळेच ना, आत दबलेला ओला कुजतो, मिथेन तयार होतो आणि आग लागली की आठवडाभर विझत नाही. मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या निदान २५ पट तापवतो. तोच मिथेन बंद टाकीत धरला तर इंधन आहे!

म्हणून माझं म्हणणं, ओला जाळू नका, कुजवा. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' हे तंत्र तर आपल्या मुंबईतलंच, आधी लगदा करून गरम पाण्याबरोबर एका टाकीत हवेवर पचवायचा, मग हवाबंद टाकीत गॅस. असा एक छोटा प्लांट मी जवळून पाहिलाय. तिथला ऑपरेटर लगदा करायच्या मशीनच्या पात्यांना गुंडाळलेले हाराचे दोरे सुरीने कापून काढत होता, बाजूच्या ट्रेमध्ये स्टीलचे चमचे, नारळाच्या शेंड्या, शाम्पूच्या पुड्या. ओला म्हणून आलेल्या गाडीत हे सगळं निघतं! तो म्हणाला गॅसचं काही नाही मॅडम, गॅस येतोच, दोरे नाही आले पाहिजेत. दुसरी भीती टाकी आंबट होण्याची, सणानंतर एकदम जास्त माल घातला की आम्ल वाढतं, मिथेन करणारे जीवाणू बसून जातात आणि परत लाइनवर यायला कितीतरी दिवस लागतात. म्हणजे हे कामही सोपं नाहीये, रोज लक्ष देणारा माणूस लागतो.

मोठ्या प्रमाणावर होतं का, तर होतं. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा प्लांट सुरू झाला, दिवसाला १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत एवढी क्षमता, आणि गॅसवर शहराच्या बस चालवायच्या. पण तिथे आधी काही वर्षं घराघरातून वेगळा केलेला कचरा उचलायची सवय लावली गेली, प्लांट नंतर आला. हा क्रम बाकीची शहरं विसरतात.

भट्टीला जागा आहे, पण सगळं वेगळं करून जो परत वापरता न येणारा सुका उरतो त्याच्यासाठी. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही असंच सांगितलं होतं, किलोला १,५०० किलोकॅलरी किंवा जास्त देणारा आणि रिसायकल न होणारा कचरा डेपोत पुरू नका, ऊर्जेसाठी वापरा.

तुमच्या शहरात असं टेंडर निघालं तर दोन गोष्टी जरूर मागून बघा. एक, करारात रोज किमान किती टन द्यायचं बंधन आहे आणि किती वर्षं, कारण तो आकडा मोठा असेल तर उद्या लोकांनी ओला वेगळा काढला की पालिकेलाच दंड बसणार आणि मग वेगळं करा म्हणून सांगणार कोण. दुसरं, कचऱ्याच्या उष्णतेचा जो रिपोर्ट जोडलाय त्याचे नमुने कधीचे आहेत. मे महिन्यातल्या वाळलेल्या कचऱ्याचे असतील तर जुलै-ऑगस्टचे परत घ्यायला लावा.