बॉल तिकडे असताना

"भाचा पुण्याला गेला, खेळणंही सुटलं त्याचं. मग तुम्ही अजून मिरजेला फुटबॉल बघायला कशाला जाता? टीव्हीवर याहून शंभरपट चांगला दिसतो की!"

ऑफिसात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय. त्यात सांगली म्हणजे विजय हजाऱ्यांचं जन्मगाव, स्मृती मानधना इथंच वाढली. इथल्या बाईनं बोलायचं तर क्रिकेटवर बोलावं, असं लोकांना वाटत असणार. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी फुटबॉल बघायला गेलेच नव्हते. धाकट्या बहिणीचा मुलगा खेळायचा, त्याला बघायला गेले. बहीण म्हणाली, "तू जा गं, त्याला कुणी पाडलं की माझा जीव वरखाली होतो." तो स्टॉपर होता. म्हणजे गोलीच्या (गोलकीपरच्या) पुढं, मधोमध राहून समोरच्याला अडवणारा. खेळातलं मला काही कळत नव्हतं, त्यामुळं माझी नजर त्या पोरावरून हलायचीच नाही. सगळं मैदान बॉलकडं बघून ओरडायचं आणि बॉल पार पलीकडच्या गोलपाशी असला तरी मी आपली याच्याकडंच बघत बसायची. त्यामुळंच मला फुटबॉल दिसला.

बॉल तिकडं असताना तो कधी नुसता उभा नसायचा. दोन पावलं पुढं, एक डावीकडं. मान वळवून मागच्या फॉरवर्डवर, म्हणजे समोरच्या टीमच्या गोल मारणाऱ्यावर, नजर. परत पुढं. उजवा हात मांडीजवळ, तळवा उघडा, आणि बोटांनीच बाजूच्या बॅकला, म्हणजे त्याच्यासारख्याच मागं राहून अडवणाऱ्याला, खूण, ये, ये, अजून ये. चौघं बॅक एका दोरीला बांधल्यासारखे सरकायचे. तुम्हीच हिशेब करा. मॅच ९० मिनिटांची, पोरं २२, बॉल एकच. एकेकाच्या पायात तो सगळा मिळून चार मिनिटंसुद्धा येत नाही. उरलेला वेळ ही पोरं काय करतात, ते बघायला मैदानावरच जावं लागतं, कारण कॅमेऱ्याला बॉल सोडवत नाही.

२०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्या टीममध्ये होता. आम्ही सगळे टीव्हीसमोर ठाण मांडून. आपल्या भागातला पोरगा विश्वचषकात, डोळे भरून आले होते माझे. पण बॉल त्याच्यापासून लांब गेला की तोही पडद्यावरून जायचा. बॉल यायच्या आधी तो कुठून कुठं पळाला, हे मला बघायचं होतं आणि ते दिसतच नव्हतं.

ऑफसाइडही मला टीव्हीनं शिकवला नाही. नियम तसा सोपा आहे. समोरच्यांच्या हद्दीत आपल्या गड्याला बॉल दिला जातो त्या क्षणी, त्याच्या आणि गोललाइनच्या मध्ये किंवा निदान त्याच्या रेषेत समोरचे दोघं तरी पाहिजेत, नाहीतर तो ऑफसाइड. एक बहुतेक वेळा गोली असतो, म्हणजे आणखी एक. १९२५ पर्यंत तीन लागायचे, तेव्हा गोल करणं केवढं अवघड असेल! वाचून हे सगळं कळतं, पण खरं कळलं ते एका मॅचला.

समोर बेळगावकडची टीम. शेवटची दहा मिनिटं, गोल कुणाचाच नाही. मधून उंच बॉल आला. त्यांचा फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये सापडावा म्हणून भाच्यानं पाऊल पुढं टाकलं आणि हात वर केला, ऑफसाइड! कडेला उभ्या लाइनमनचा झेंडा खालीच, म्हणजे ऑफसाइड नाही. त्यांचा फॉरवर्ड एकटा पुढं गेला आणि गोल. पायऱ्यांवर नुसता गलका. लाइनमनला काय काय ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. मी मात्र नेमकी त्या रेषेत बसले होते. पलीकडच्या टोकाला आमचा डावा बॅक वाकून मोजा वर ओढत होता. एवढंच. तिघं पुढं सरकले, तो एकटा मागं राहिला. फॉरवर्ड त्याच्यापुढं गेलेलाच नव्हता. झेंडा खाली ठेवला ते बरोबरच होतं.

रात्री बहिणीकडं जेवताना भाचा बराच वेळ भात चिवडत होता. मग म्हणाला, "मावशी, तू बघितलंस ना?"

मी म्हटलं, "बघितलं."

"हात वर करायच्या आधी मान वळवायची असते. चूक माझी आहे." टीममधली पोरं लाइनमनवरच चिडलेली होती. मोजा ओढणाऱ्याचं नाव त्यानं कुणाजवळही काढलं नाही, अजूनही काढत नाही. सतरा वर्षांचं पोर!

आता तो येत नाही, मी जाते. शनिवारी सांगलीहून बस पकडते आणि साडेतीनला पोचते, म्हणजे फक्की मारताना बघायला मिळतं. दोरी ताणून दोघं जण वाकत वाकत रेषा ओढतात. पेनल्टीचा बॉक्स गोलपासून साडेसोळा मीटर, पेनल्टीचा ठिपका ११ मीटर. तोवर टँकरनं पाणी मारून झालेलं असतं आणि ओल्या मातीचा वास सुटलेला असतो. उन्हाळ्यात गवत उरतं ते कडेकडेला. गोलसमोर उघडा मुरूम, तिथं बॉल टप्पा पडला की उसळतो. इथली पोरं ते ओळखून एक पाऊल मागं थांबतात. बाहेरून आलेल्या बॅकच्या पहिल्या हाफमध्ये दोन-तीनदा तरी बॉल डोक्यावरून जातो.

आणि आवाज. टीव्हीवर कॉमेंट्री असते, इथं गोली बोलत असतो. "माणूस! मागं माणूस!" "टाइम आहे, टाइम आहे!" "काढ!" बेळगावची पोरं आपसात कन्नडमध्ये ओरडतात, मिरजेची मराठीत, आणि भांडण झालं की दोन्हीकडची हिंदीत. मध्येच स्टेशनावरून गाडीची शिट्टी येते. शेजारचे अनोळखी काका भडंगाची पुडी पुढं करतात आणि नाव न विचारता म्हणतात, "ताई, तो पाच नंबर बघा, आज खेळतोय."

तो पाच नंबर यंदाचा स्टॉपर. अंगानं बारीक, शर्ट दोन मापं मोठा. मागच्या शनिवारी पाहिलं, हात वर करायच्या आधी तो मान वळवतो. दोन्हीकडं.

यायचं असेल तर पश्चिमेच्या पायऱ्यांवर बसा, ऊन पाठीला राहतं. मधोमध मात्र बसू नका, पेनल्टी बॉक्सच्या रेषेच्या जरा अलीकडं बसा. मी तिथंच असते.