लॅकॉनिक, म्हणजे स्पार्टावाल्यांचं बोलणं

जीआरई परीक्षेच्या शब्दांच्या यादीत 'लॅकॉनिक' हमखास असतो, समोर अर्थ 'मितभाषी', पाठ करा आणि पुढे चला. पण मितभाषी माणूस निरुपद्रवी असतो हो, कोपऱ्यात बसतो, चहा पितो आणि घरी जातो. लॅकॉनिक माणूस बोलला की समोरच्याला टोचतं. हे टोचणं त्या शब्दात कुठून आलं ते बघायचं तर थेट ग्रीसमध्ये जावं लागतं.

ग्रीसच्या पेलोपनीज द्वीपकल्पाच्या दक्षिणेला एव्रोतास नदीचं खोरं आहे, त्या मुलखाचं नाव लॅकोनिया आणि स्पार्टा शहर त्यातलंच. लॅकोनियाचं ते 'लाकोनिकोस', लॅटिनमार्गे इंग्रजीत गेलं आणि लॅकॉनिक झालं. म्हणजे कोल्हापुरी, नागपुरी म्हणतो तसंच, मुळात नुसतं गावावरनं पडलेलं विशेषण. रोमन लोकांनी तर स्नानगृहातल्या घाम काढायच्या कोरड्या गरम खोलीलाही 'लॅकोनिकम' नाव दिलं होतं, तिथे बोलण्याचा काही संबंधच नाही.

बोलण्याचा अर्थ चिकटला तो स्पार्टावाल्यांच्या तोडक्या, टोचणाऱ्या उत्तरांमुळे. आता त्यातला सगळ्यात फेमस किस्सा, जो फॉरवर्डमध्ये पण येतो. सिकंदराचा बाप फिलिप, त्यानं धमकी पाठवली की मी लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला पार हुसकावून लावीन, आणि स्पार्टाचं एका शब्दाचं उत्तर, 'जर'. फॉरवर्डचा शेवट ठरलेला, फिलिप परत फिरकलाच नाही! अहो फिरकला ना. इसवी सनपूर्व 338 मध्ये खायरोनियाची लढाई जिंकल्यावर तो लॅकोनियात घुसला, मुलूख उद्ध्वस्त केला, सीमेवरच्या जमिनी काढून शेजाऱ्यांना वाटल्या. स्पार्टा शहर तेवढं घेतलं नाही. 'जर'ला टाळ्या जरूर वाजवा, पण पूर्ण गोष्ट ही आहे.

मला स्वतःला ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेला पिशवीचा किस्सा जास्त आवडतो. सामोस बेटावरनं हाकललेले लोक मदत मागायला स्पार्टात आले आणि त्यांनी लांबलचक भाषण ठोकलं. स्पार्टावाले म्हणाले, सुरुवातीचं आम्ही विसरलो आणि पुढचं कळलं नाही. मग ते बिचारे दुसऱ्यांदा आले ते रिकामी पिशवी घेऊन, आणि एवढंच म्हणाले, पिशवीला पीठ हवंय. त्यावर उत्तर काय तर, 'पिशवी' म्हणायची गरज नव्हती. (पिशवी समोर दिसतेच आहे ना!) मदत मात्र केली, आरमार घेऊन गेले, चाळीस दिवस सामोसला वेढा घातला आणि हात हलवत परत आले.

ही सवय आपोआप लागत नव्हती, ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो की जेवण झाल्यावर पोरांवर नेमलेला मोठा मुलगा, म्हणजे त्यांचा मॉनिटरच, एकेकाला प्रश्न टाकायचा, गावात सगळ्यात चांगला माणूस कोण, अमक्याच्या वागण्याबद्दल तुझं मत काय, आणि उत्तर थोडक्यात आणि कारणासकट द्यायचं. चुकलं तर तो मॉनिटर त्या पोराच्या अंगठ्याला चावायचा. खरंच चावायचा! आणि हे सगळं चालू असताना शेतात राबायला हेलट होते, गुलामासारखे ठेवलेले, त्यांचे चटपटीत संवाद कोणी लिहून ठेवले नाहीत.

थोडक्यातलं बोलणं नेहमी ऐटीचंच असायचं असंही नाही. 410 मध्ये (इसवी सनपूर्वच) किझिकस शहराजवळच्या लढाईत अथेन्सनं स्पार्टाच्या आरमाराचा धुव्वा उडवला, स्पार्टाचा सेनापती मिंदारोस मेला, आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं घरी चिठ्ठी पाठवली. जहाजं गेली. मिंदारोस मेला. माणसं उपाशी आहेत. काय करावं कळत नाही. ती चिठ्ठी वाटेत अथेन्सवाल्यांच्याच हाती लागली आणि इतिहासकार झेनोफोननं लिहून ठेवली म्हणून आपण वाचतोय. इथे कोणाला टोमणा मारायचा नाहीये, तरी 'जर'पेक्षा ही चिठ्ठी मला कितीतरी भारी वाटते.

त्यानंतर सहा वर्षांनी बाजी पलटली, अथेन्स पडलं आणि म्हणे स्पार्टाचा सेनापती लायसँडर यानं घरी कळवलं, 'अथेन्स घेतलं'. वरिष्ठांचं उत्तर आलं, नुसतं 'घेतलं' पुरलं असतं. झकास आहे की नाही? पण प्लुटार्क स्वतःच पुढे लिहितो की ही गोष्ट छान दिसते म्हणून रचलेली आहे, खरा हुकूम बराच मोठा होता, पिरेयस बंदराची तटबंदी आणि शहरापासून बंदरापर्यंतच्या लांब भिंती पाडा, बाकीची शहरं सोडा, परागंदा झालेल्यांना परत घ्या, जहाजं किती ठेवायची ते नंतर ठरवू. तह करायचा म्हटल्यावर स्पार्टालाही कलमं लिहावीच लागली.