अमेरिकेत मुलांचे पैसे नक्की कोणाला मिळतात?

न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या एच-वनवाल्यांच्या (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या) घरी मार्च उजाडला की टॅक्सच्या गप्पा रंगतात. धाकटी इथे जन्मली, तिच्या नावावर ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ मिळतं. थोरला पुण्यात जन्मला, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नाही, म्हणून त्याच्यापोटी निव्वळ ५०० डॉलरची सूट. एका ताटात जेवणाऱ्या भावंडांत हा भेद २०१८ पासून आहे. आम्ही त्यावर कुरकुरतो, पण आमचं त्यावाचून काही अडत नाही. ज्यांचं अडतं, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

हे क्रेडिट म्हणजे मुळात भरायच्या करातली सूट. ज्याला करच लागत नाही, त्याला थोडे पैसे परत मिळतात, तेही कमाईच्या प्रमाणात. म्हणजे जितकं गरीब घर, तितकी कमी मदत! देशातल्या साधारण एक तृतीयांश मुलांना पूर्ण रक्कम मिळत नव्हती, ती यामुळेच.

कोविडच्या काळात, मार्च २०२१ मध्ये, बायडन सरकारने ही कमाईची अट एका वर्षासाठी काढून टाकली. रक्कमही वाढवली: सहा वर्षांखालच्या मुलाला ३६०० डॉलर, मोठ्याला ३०००. त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात येत होती. सेन्सस ब्युरो (जनगणना खातं) सरकारी मदत धरून जी गरिबी मोजतो, त्यानुसार २०२० मध्ये देशातली ९.७ टक्के मुलं गरीब होती, ते प्रमाण २०२१ मध्ये ५.२ वर आलं. (कोविडच्या काळात सरकारने लोकांना पाठवलेल्या चेकचाही त्यात वाटा होता, हे मान्य.) पण मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा सिनेटमध्ये दोन्ही पक्षांची ५०-५० अशी स्थिती होती, एकही मत गमावून चालणार नव्हतं. बायडन यांच्या डेमोक्रॅट पक्षाचेच सिनेटर जो मँचिन अडून बसले. त्यांना आईवडिलांच्या कामाची अट हवी होती. योजना संपली आणि २०२२ चा आकडा निघाला १२.४ टक्के.

कामाची अट ऐकायला रास्त वाटते. पण ती लावायची आईबापाला आणि भोगायची पोरांनी, हे मला पटत नाही.

२०२५ च्या कायद्याने रक्कम दर मुलामागे २२०० डॉलर केली, कमाईची अट मात्र ठेवली. ज्याला कर लागत नाही, त्याला कमाईचे पहिले २५०० डॉलर सोडून पुढच्या प्रत्येक डॉलरमागे १५ सेंट. वर्षाला १२,००० डॉलर कमावणाऱ्या एकट्या आईला दोन मुलांचे मिळून १४२५ डॉलर मिळतात. चार लाख डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला पूर्ण ४४००.