काळ्या पाच पट्ट्या आणि ६६ बांगड्या

गेल्या रविवारी नौपाड्यात ताईकडे गेलो होतो, बाहेर पाऊस असा की खाली उतरून वडापाव आणायची पण हिंमत नाही, आणि भाची पेटी काढून बसली. क्लास लावून जेमतेम चार महिने झालेत, त्यामुळे अलंकार (सुरांच्या सरावाचे पलटे) सोडून बाकी सगळं वाजवायचं असतं तिला. नुसत्या काळ्या पट्ट्यांवर बोटं नाचवत म्हणाली, "मामा, काळ्यांवर काहीही वाजवलं तरी चुकत नाही, असं का?"

मी म्हटलं सरक जरा. काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी, सा धरला आणि पाच काळ्या ओळीने वाजवल्या, तर भूप. त्याच पाच, पण काळी चार सा धरला की मधमाद सारंगचे सूर. काळी पाच धरली की मालकंस, काळी एक धरली की दुर्गा, आणि काळी दोनला धानी. पाच पट्ट्या, पाच राग, बोटं तीच, फक्त घर कुठलं ते बदललं. आपल्याकडे ह्याला मूर्च्छना म्हणतात, भरताच्या नाट्यशास्त्रात आहे, तिकडे पाश्चात्त्य लोक मोड म्हणतात. (भूप आणि देसकारचे सूर एकच असतात, तरी राग वेगळे, त्यामुळे गाणाऱ्यांनी चिडू नका, मी इथे फक्त सुरांच्या सांगाड्याबद्दल बोलतोय.)

गणितवाले काय करतात, तर सा कुठला हे विसरूनच जातात. भूपात एका सुरापासून पुढच्यापर्यंत काळ्या-पांढऱ्या धरून किती पट्ट्या चढायच्या तेवढं लिहा: २ २ ३ २ ३. आता हे आकडे बांगडीसारखे गोल लावा आणि फिरवा. ३ २ ३ २ २ पासून वाचलं की मालकंस, २ ३ २ २ ३ पासून दुर्गा. बांगडी एकच, म्हणून कुटुंब एकच.

सोमवारी ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोली यायच्या आत, मोबाईलवर हिशोब मांडला. सप्तकातल्या बारा पट्ट्यांतून सा धरून पाच सुरांचे सांगाडे ३३० होतात, प्रत्येक बांगडीचे पाच वेगळे, म्हणजे बांगड्या ६६. सात सुरांचे सांगाडे ४६२, भागिले सात, परत ६६! हा योगायोग नाही, कारण पाच काळ्या निवडल्या की उरलेल्या सात पांढऱ्या आपोआप ठरतात, प्रत्येक पाचवाल्या बांगडीची एक सातवाली जोडीदार असतेच. सहा सुरांना मात्र गडबड. तिथे पण सांगाडे ४६२च, सहाने भागून ७७ यायला हवेत, येतात ८०, कारण काही बांगड्या इतक्या सारख्या असतात की फिरवल्या तरी तशाच दिसतात. २ २ २ २ २ २ घ्या, कुठूनही सुरुवात करा, काय फरक पडतो?

मग भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांची वर्गवारी करायचे सात सुरांचे साचे, घेतले, आणि इथे मला खरंच मजा आली. नुसत्या पांढऱ्यांवर पहिलीपासून बिलावल, मग काफी, भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी, म्हणजे दहातले सहा एकाच बांगडीतले. सातव्या पांढरीवर सा धरला तर पंचमच (प) मिळत नाही, म्हणून तो भाऊ थाटांच्या यादीबाहेर. उरलेले भैरव, मारवा, पूर्वी, तोडी चार वेगळ्या बांगड्यांचे, म्हणजे दहा थाट पण कुटुंबं फक्त पाच. त्यात पूर्वीची बांगडी उलटी वाचली तर तोडीची होते, आरशात बघितल्यासारखी, आणि भैरवची उलटसुलट सारखीच. मी चार वेळा तपासलं, शेजारचा माणूस बघत होता काय चाललंय ह्याचं.

पण हे सगळं पेटीपुरतं, कारण पेटीत बारा सारखे भाग असतात. तंबोऱ्यावर कान ठेवून गायलेल्या भूपात गंधार (ग) ५/४, धैवत (ध) ५/३, असे सा च्या कंपनसंख्येशी गुणोत्तराचे सूर लागतात. गंधाराला सा केलं तर मालकंस मस्त निघतो, ६/५, ४/३, ८/५, ९/५, कुठे कुरकुर नाही. पण रिषभाला (रे) सा करा, मधमाद सारंगचा पंचम ३/२ च्या ऐवजी ४०/२७ येतो. सुमारे साडेएकवीस सेंट खाली, म्हणजे एका पट्टीच्या अंतराचा पाचवा हिस्सा. लॅपटॉपवर दोन्ही सूर एकत्र वाजवले तर अक्षरशः दात शिवशिवले. धैवत २७/१६ घेतला की हा पंचम सुधारतो, पण मग भूपात गंधार-धैवत जुळत नाहीत, एक शिवलं की दुसरं उसवतं. भरताच्या षड्जग्राम आणि मध्यमग्राम ह्या दोन मूळ स्वरमांडण्यांत फरक हाच, मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने (सुरांमधल्या बारीक अंतराने) उतरलेला, आणि ती श्रुती बहुतेक अभ्यासक ८१/८० धरतात, म्हणजे आपल्या बिघडलेल्या पंचमातली नेमकी तेवढीच तूट. भरताच्या काळातले लोक पेटीशिवाय, नुसत्या दोन वीणा शेजारी ठेवून कानाने इथवर पोचले होते!

रात्री भाचीला फोनवर तो बिघडलेला पंचम ऐकवला. ती म्हणाली, "मामा, तुझी पेटी बिघडलीये, आमच्या सरांना दाखव."