न्यू जर्सीतलं लॉन आणि बाबांची रब्बी

अमेरिकेच्या ईशान्येला एप्रिल उजाडला की दुकानांच्या दारातच खत-बियाण्यांच्या पिशव्या रचलेल्या दिसतात. त्यामुळे लॉनची मशागत वसंतात करायची असते, असंच सगळ्यांना वाटतं. पण इथलं गवत खरं घडतं ते सप्टेंबर ते नोव्हेंबरात. हे मला पटवून दिलं माझ्या बाबांनी. सांगली जिल्ह्यात त्यांनी आयुष्यभर ऊस आणि हरभरा केला आहे. गेल्या वर्षी आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले आणि फॉल, म्हणजे इथला पानगळीचा ऋतू, संपेपर्यंत राहिले.

आमचं घर मध्य न्यू जर्सीत, सॉमरसेट काउंटीत आहे. मागच्या अंगणात जवळजवळ चार हजार चौरस फूट लॉन, म्हणजे बाबांच्या हिशेबात पावणेचार गुंठे. ऑगस्टमध्ये त्यातलं निम्मं तपकिरी झालं होतं आणि उरलेल्या जागेत क्रॅबग्रास नावाचं तण माजलं होतं. बाबांनी पाहणी केली आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, हे गवत पावसात वाढतं का थंडीत?"

सगळं या प्रश्नावरच अवलंबून आहे. आपल्याकडची हराळी उष्ण हवेची. पावसात फोफावते, थंडीत पिवळी पडते. इथल्या लॉनमधलं टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, रायग्रास ही थंड हवेची गवतं. साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला ती जोमात असतात, जुलैच्या उन्हात निपचित पडतात आणि रात्री गार झाल्या की पुन्हा मुळं सोडायला लागतात. वसंतात पेरलेलं कोवळं रोप दोन-तीन महिन्यांत कडक उन्हात सापडतं. सप्टेंबरात पेरलेल्याला सगळा फॉल आणि पुढचा सगळा वसंत मिळतो. शिवाय क्रॅबग्रास हे वर्षायू तण पहिल्या कडक थंडीत मरतं, त्यामुळे नव्या रोपाला त्याच्याशी झगडावं लागत नाही. "मग ही रब्बीच झाली की," बाबा म्हणाले. तिथून पुढे आमच्या घरात लॉनचं वेळापत्रक रब्बीसारखंच चाललं.

आधी माती परीक्षण. न्यू ब्रन्सविकला रटगर्स विद्यापीठाची माती प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना पाठवता येतो. अंगणातल्या दहा-बारा ठिकाणची चार-सहा इंच खोलीपर्यंतची माती एका बादलीत मिसळायची आणि त्यातली थोडी पाठवायची. बाबांना यातलं काही सांगावं लागलं नाही. अहवालात सामू (पीएच) ५.६ आला. म्हणजे माती आम्लधर्मी. गवताला ६ ते ७ च्या दरम्यान लागतो. सामू इतका खाली असला की टाकलेल्या खताचा पुरेपूर उपयोगच होत नाही. स्फुरद (फॉस्फरस) मात्र भरपूर निघालं. आम्लता कमी करायला दाणेदार चुना आणला. एका वेळी हजार चौरस फुटांना पन्नास पौंडांपेक्षा जास्त टाकायचा नाही. हिवाळाभर जमीन गोठते, सैल होते, पुन्हा गोठते, तसा तो हळूहळू खाली मुरतो. म्हणून चुन्यालाही फॉलच बरा.

नमुना घेतानाच दुसरी गोष्ट उघडी पडली. कुंपणाजवळचं गवत ओढलं तर मुळांसकट सतरंजीसारखं गुंडाळून वर आलं. खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या. बाबांनी बघताक्षणी सांगितलं, "हुमणी." त्यांच्या उसातल्या हुमणीचा भुंगेरा वेगळा, इथला बहुधा जपानी भुंगेरा. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तोच न्यू जर्सीत, १९१६ साली रिव्हर्टनच्या एका रोपवाटिकेत. उन्हाळ्यात भुंगेरे गुलाबाची पानं चाळणी करतात, लॉनमध्ये अंडी घालतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळं खातात. बाबांनी चौरस फुटाचे तुकडे ठिकठिकाणी उचलून मोजणी केली. कुंपणाजवळ दहाच्या वर भरल्या, बाकी ठिकाणी दोन-तीन. निरोगी गवत तेवढ्या सोसतं. म्हणून औषध त्या पट्ट्यापुरतंच घातलं. सगळ्या लॉनवर सरसकट विषारी औषध मारणं मला चूकच वाटतं. त्याच मातीत गांडुळं असतात आणि आमची मुलं तिथेच लोळतात.

मग एरेशन, म्हणजे जमिनीला भोकं पाडून ती मोकळी करणं. पोकळ दात असलेलं यंत्र भाड्यानं मिळतं. ते जमिनीतून दोन-तीन इंच लांबीच्या मातीच्या नळ्या उपसून वर टाकतं. आमच्या भागातली तांबूस चिकणमाती वर्षानुवर्षं तुडवून इतकी घट्ट झाली होती की पाणी वरूनच वाहून जायचं. शनिवारचं यंत्र ठरवलं होतं आणि गुरुवारी रात्री चांगला पाऊस झाला. शनिवारी सकाळी बाबांनी मूठभर माती दाबून पाहिली, तर गोळा बोटांना चिकटला. "आज नको. वाफसा येऊ दे." भाड्याची तारीख पुढे ढकलली. दोन दिवसांनी गोळा वळत होता आणि बोटानं ढकलल्यावर फुटत होता, तेव्हा यंत्र चालवलं. ओल्या चिकणमातीत दात घातले तर भोकाच्या कडा लिंपल्यासारख्या घट्ट होतात. कोरड्या जमिनीत ते आतच शिरत नाहीत. स्प्रिंकलरच्या तोट्यांजवळ आधी छोटी निशाणं रोवून ठेवली होती, हे करायलाच हवं. उपसलेल्या नळ्या तशाच राहू द्यायच्या, पावसानं विरघळून त्या जमिनीत मिसळतात. आईनं मात्र त्यातल्या थोड्या कागदात बांधून ठेवल्या. घटाला शेतातली माती लागते आणि आमचं शेत म्हणजे हेच.

बियाणं घेताना बाबांनी पिशवीवरचं लेबल मला वाचायला लावलं. उगवण किती टक्के, तणांचं बी किती, चाचणी कधीची. हे सगळं तिथे छापलेलं असतं आणि बहुतेक लोक फक्त हिरव्यागार लॉनचा फोटो पाहून पिशवी उचलतात. आम्ही बहुतांश टॉल फेस्क्यू आणि थोडं ब्लूग्रास असलेलं मिश्रण घेतलं. फेस्क्यूची मुळं खोल जातात, ब्लूग्रास जमिनीखालून पसरून मोकळ्या जागा भरून काढतं. हजार चौरस फुटांना चार पौंड धरून अर्धं उभं आणि अर्धं आडवं पेरलं. वरून कंपोस्टचा पातळ थर दिला. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, फक्त वरचा थर ओला राहील इतकंच. फेस्क्यू आठ-दहा दिवसांत दिसलं, ब्लूग्रासला तीन आठवडे लागले. तोवर घटस्थापना झाली होती. आत परातीत गहू-ज्वारीचे अंकुर आणि बाहेर लॉनची बारीक लव, दोन्हीकडे आई रोज सकाळी पाण्याचा हात फिरवायची.

खताबद्दल इथे कायदा आहे, तो प्रत्येक घरमालकानं वाचावा. न्यू जर्सीनं २०११ मध्ये तो केला, कारण लॉनवरचं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद वाहून बार्नेगॅट खाडीसारख्या पाण्यात शेवाळ माजत होतं. घरमालकांनी १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात असं खत टाकायचं नाही. एका वेळी हजार चौरस फुटांना ०.९ पौंडांपेक्षा जास्त नत्र द्यायचं नाही. माती परीक्षणात कमतरता दिसली किंवा नवीन पेरणी-दुरुस्ती असली तरच स्फुरद. आमच्याकडे पेरणी असली तरी मातीत स्फुरद होतंच, म्हणून पिशवीवरच्या नत्र-स्फुरद-पालाश या तीन आकड्यांतला मधला शून्य असलेलंच खत घेतलं. एक हप्ता सप्टेंबरात, दुसरा ऑक्टोबरच्या शेवटी. दुसरा महत्त्वाचा. वरची वाढ मंदावलेली असते पण मुळं चालू असतात, आणि तेव्हा मिळालेलं नत्र वसंतात कामी येतं. ड्राइव्हवेवर उडालेले दाणे झाडून पुन्हा गवतात टाकायचे, नाहीतर पहिल्या पावसात ते थेट गटारात जातात.

ऑक्टोबरच्या मध्याला मेपल आणि ओकची पानगळ सुरू झाली. शेजारीपाजारी ब्लोअरनं ढीग करून रस्त्याकडेला लोटत होते. बाबांना ते बघवेना. गावाकडे उसाचं पाचट जाळू नका, कुट्टी करून रानातच ठेवा, हे त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं आहे. इथेही तेच लागू पडतं. मल्चिंगचं पातं लावून कोरड्या पानांवरून मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, दोनदा फिरवला की बारीक तुकडे होऊन गवताच्या पात्यांमध्ये उतरतात. मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर अनेक वर्षं प्रयोग झाले आहेत. लॉनचं नुकसान होत नाही आणि मेपलच्या पानांच्या कुट्टीनं डँडेलियन हे तणसुद्धा कमी होतं. फक्त तुकड्यांखाली गवत झाकून जाता कामा नये. आमच्या नव्या रोपांवर पहिले काही आठवडे मोअर घालता येत नव्हता, तिथली पानं बाबा हातानं वेचायचे.

आई-बाबा नोव्हेंबरात परत गेले. उरलेलं मी आणि नवऱ्यानं केलं. गवताची उंची हंगामभर तीन इंचांच्या आसपास ठेवली होती, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला शेवटची कापणी अडीच इंचांवर केली. लांब गवत बर्फाखाली आडवं पडून कुजतं आणि त्यावर बुरशी येते. स्प्रिंकलरच्या नळ्यांमधलं पाणी कॉम्प्रेसरनं काढून घेतलं.

हिवाळ्यात राखण करायची ती मिठापासून आणि पायांपासून. बर्फ वितळवायला ड्राइव्हवेवर टाकायचं साधं खडेमीठ गवताची मुळं जाळतं, म्हणून पायऱ्यांवर कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट वापरलं, उतारावर वाळू, आणि मिठाचा बर्फ लॉनवर ढकलला नाही. दव गोठलेलं असताना गवतावर चाललं तर पाती मोडतात आणि ती पावलं नंतर तपकिरी उमटतात. मुलांना सकाळी शाळेच्या बससाठी फरशीवरूनच जायची सवय लावली. बर्फाचा किल्ला मात्र दर वेळी वेगळ्या जागी करू दिला. एकाच जागी दाबलेला बर्फ उशिरा वितळतो आणि तिथेच बुरशीचे गोल डाग पडतात.

मार्चच्या शेवटी बर्फ गेला, तेव्हा दोन ठिकाणी तसे डाग होते. हलक्या हातानं दाताळं फिरवून पाती मोकळी केली, दोन आठवड्यांत भरून आली. फोर्सिथियाच्या झुडपांवर पिवळी फुलं उमलली तेव्हा क्रॅबग्रास उगवू न देणारं औषध टाकलं. ते गवताच्या बियांनाही उगवू देत नाही. फॉलमध्ये पेरणी उरकलेली असल्यामुळे वसंतात हे बिनघोर टाकता आलं.

कुंपणाजवळचा हुमणीचा पट्टा आता घट्ट धरला आहे, ओढून पाहिला तरी हलत नाही. मेपलखालचा कोपरा मात्र विरळ राहिला. तिथे जेमतेम दोन तास ऊन येतं आणि झाडाची मुळं वरचं सगळं पाणी पिऊन टाकतात. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवला तर ते म्हणाले, तिथला नमुना वेगळा तपास. तो पाठवला आहे. सप्टेंबरात तिथे सावलीला चालणारं फाइन फेस्क्यू पेरणार. तेही धरलं नाही तर त्या कोपऱ्यात गवत लावायचं सोडून लाकडाच्या चिपांचं आच्छादन घालू.