तुम्ही विचारलंत म्हणून: मलकालात कॅमेरा कसा टिकला

लग्नाच्या शूटसाठी लेन्स भाड्यानं न्यायला कुणी नवं पोरगं दुकानात आलं की शोकेसमधला तो रंग उडालेला निकॉन डी ७००० बघून हमखास विचारतंय, "मामा, हा खरंच लढाईत नेलेला का ओ? गोळीबिळी नाही लागली?" आणि लगेच पुढचं, तिकडं सांभाळला कसा. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यात माझा चहा गार होतो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गोळी नाही लागली. हे ऐकून पोरांचं तोंड जरा पडतंय, पण काय करणार.

२०१४ ला आमची पलटण युनोच्या मिशनवर दक्षिण सुदानात, पांढऱ्या नाईलच्या काठी मलकालला होती. त्याच्या आधीच्या डिसेंबरात तिथं युद्ध पेटलेलं, आणि ते गाव काही महिन्यांत इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की कुणाचं राज्य चालू आहे हे सकाळी उठून विचारायला लागायचं. हजारो माणसं जीव मुठीत धरून आमच्या कॅम्पात आलेली. मी सिग्नलचा हवालदार, पण स्वतःचा कॅमेरा असलेला, म्हणून साहेबांनी मेडल परेड आणि जनावरांच्या दवाखान्याचे फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. हो, आपल्या फौजेचा तिथं जनावरांचा दवाखाना होता, कारण तिथल्या माणसाची सगळी मत्ता म्हणजे त्याच्या गाई.

तर धूळ. कोरड्या दिवसांत तिथली धूळ म्हणजे चाळलेलं पीठ, त्यात गोठ्याकडं गेलं की शेणाच्या धुनीची राख, आणि वर हेलिकॉप्टर उतरलं की संपलंच. माझी १८-१०५ लेन्स, झूम केली की पुढं येते, आणि पुढं येताना पिचकारीसारखी हवा आत ओढते, हवेबरोबर धूळ. माउंटला, म्हणजे कॅमेऱ्याला जोडते तिथं, रबराची रिंगही नाही तिला. म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या, एक म्हणजे बाहेर असताना लेन्स काढायचीच नाही, वर्षभर तीच एक, आणि दुसरी, पुढं ६७ एमएमचा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची साधी काच, कायम. इथले काही जाणकार सांगतात फिल्टरनं शार्पनेस जातो. जात असेल, स्टुडिओत जाऊ दे.

त्या फिल्टरनं मला वाचवलं ते धुळीपासून नाही तर माझ्याच दोस्तापासून. रोहतककडचा नायक, माझ्या शेजारच्या कॉटवर. एकदा रायफल साफ करता करता त्याला वाटलं हवालदार साबचा कॅमेरा पण पुसून द्यावा, आणि त्यानं फुलथ्रूची, म्हणजे रायफलची नळी साफ करायच्या दोरीची, तेलकट चिंदी घेतली आणि काच मन लावून पुसली. नंतरचे चार फोटो सगळे धुक्यातले. फिल्टर फेकला, दुसरा लावला, त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही. काचेवर आधी ब्लोअरचा फुगा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी, आणि तोंडानं फुंकर मारायची नाही कारण फुंकरीत थुंकी असते, एवढं त्याला पाठ करायला लावलं.

पाऊस लागला की धुळीचा चिखल, आणि तो आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या रानातल्यासारखाच, बुटाला धरला की पाय किलोभर जड. पण चिखल दिसतो तरी, दमट हवा दिसत नाही. आम्ही राहायचो कॉरीमेकमध्ये, म्हणजे पत्र्याच्या खोल्या, आत एसी, बाहेर भट्टी. थंड कॅमेरा तसाच बाहेर काढला की काच घामेजते, थोडी ओल आतही धरते, आणि पुढं फंगस. मग मी निघायच्या अर्धा तास आधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पिशवीसकट बाहेर ठेवायचो, घाम आला तर पिशवीला येऊ दे. रात्री स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, लाडवाचा डबा तो, आईनं दिलेला, लाडू पहिल्या आठवड्यात पलटणीनं संपवलेले. त्यात सिलिका जेलचे निळे खडे. गुलाबी झाले की लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, तव्यावर मंद आचेवर फिरवायचे, परत निळे होतात. तांदळात ठेवू नका, तांदळाचा भुगा पोर्टात जातो.

आता वापरायचं. फौजीच्या अंगावर आधी रायफल, मग बाकी सगळं, म्हणून कॅमेऱ्याचा पट्टा आखूड करून उलट्या खांद्यावरून, रायफलच्या स्लिंगमध्ये गुंतता कामा नये. फ्लॅश बंद, बीप बंद, फोकससाठी पुढं जो दिवा पेटतो तो मेनूत जाऊन बंद, कॅमेऱ्यावरच्या नावाच्या पांढऱ्या अक्षरांवर काळी टेप. आणि नाक्यावरून गाडी जाताना कॅमेरा सीटखाली टॉवेलात. ब्रीफिंगमध्ये साहेबांनी बगदादचं सांगितलेलं, २००७ साली अमेरिकन हेलिकॉप्टरवाल्यांना रॉयटर्सच्या फोटोग्राफरची लांब लेन्स रॉकेट लाँचर वाटली आणि तो आणि त्याचा सहकारी दोघं गेले. लांबून लेन्स दिसत नाही हो, नळी दिसते.

कॅम्पात आसऱ्याला आलेल्यांचे चेहरे मी काढले नाहीत. कोण कुठं लपलंय हे माझ्या फोटोवरून कुणाला कळायला नको होतं. त्यामुळं माझ्याकडं बघण्यासारखं काय आहे म्हणाल तर गाई, शेळ्या, डॉक्टर, आणि एक शेळी लेन्स चाटताना.

फोटो मात्र जपले. डी ७००० मध्ये दोन कार्डं बसतात, दोन्हीवर एकदम फोटो पडेल असं सेटिंग, आणि महिन्याला दोन डिस्कवर कॉपी, एक माझ्या ट्रंकेत, एक त्या रोहतकवाल्याच्या. एकाच खोलीला आग लागली तर काय, म्हणून पुढं त्याची कॉट बदलली ते बरंच झालं.

आणि एवढं करून शहाणा मी, रिटायर होऊन सांगलीत मारुती चौकाजवळ दुकान टाकलं आणि इथली कॉपी, बॅकअप, सगळ्या डिस्क एका ड्रॉवरमध्ये. ऑगस्ट २०१९. कृष्णेचा महापूर, आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७ च्या वर. लाडवाचा डबा तेवढा पोटमाळ्यावर होता म्हणून कॅमेरा वाचला. ड्रॉवरमध्ये आठवड्यानं गाळ निघाला.

रोहतकला फोन केला. म्हणाला, साब, ट्रंक तो खोली ही नहीं उसके बाद. दहा दिवसांनी डिस्क कुरिअरनं आली, चिंदीत गुंडाळून. आधी चिंदीचा वास घेऊन बघितला. कोरडी होती.