करपेवाडीतली रात्र

जुलै उजाडला की आमच्या तालीम मंडळाच्या कट्ट्यावर एकच विषय असायचा, मोहीम कधी? १२ जुलै १६६०च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं ज्या रानानं गेले, त्या रानानं पावनखिंडीपर्यंत आम्ही शनिवार-रविवार धरून चालायचो. मुक्काम करपेवाडीत.

गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी नारळ फुटायचा, मग राजदिंडीनं खाली. म्हसाई पठारावर धुकं असं उतरायचं की पुढच्याची पाठसुद्धा दिसत नसे. जांभ्या दगडावर मारलेले चुन्याचे बाण शोधत जायचं. खाली वाड्यांतून भाताची रोपलावण चाललेली असे. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका न थांबता विचारायच्या, "कुठली पोरं रं?" कोल्हापूर म्हटलं की हसायच्या.

दिवस मावळताना करपेवाडी. तिथं पोचलं की मंडळाचे जाणते मामा घरं वाटून द्यायचे, या घरात इतके, त्या घरात तितके. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच घर यायचं. बुटकं, कौलारू, एका अंगाला सोपा आणि दुसऱ्या अंगाला गोठा. त्या सोप्याइतकी ऊबदार जागा मी दुसरी पाहिली नाही. भिजलेले कपडे चुलीवरच्या दोरीला, बूट वळचणीला आणि आम्ही सगळे एकाच घोंगड्याखाली पाय सारून. घरच्या मावशी आधी पायाच्या जळवा बघायच्या. चिमूटभर तंबाखू चोळली की जळू सुटून पडायची. मग हुलग्याचं गरम माडगं, नाचणीची भाकरी, खर्डा. शिधा आम्ही सोबत नेलेला असायचा, पण त्यांच्या चुलीवर शिजला की त्याला निराळीच चव यायची.

पेठेत वर्षभर एकमेकांशी न बोलणारे दोघे त्या सोप्यात शेजारी-शेजारी झोपलेले मी पाहिलेत. तिथं दुसरी जागाच नसायची. गणपतीच्या वर्गणीवरून धरलेला अबोला माडग्याच्या एका वाटीवर सुटायचा. मोठी माणसं शिवा काशिदांची गोष्ट सांगायची, आणि लहान पोरं ऐकता ऐकता झोपायची. गोठ्यातल्या म्हशीचा श्वास भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

हल्ली पुष्कळ गट तंबू घेऊन जातात. मोठ्या गटाला ते सोयीचं आहे, कबूल. पण मला मनापासून वाटतं, मंडळांनी निदान धाकट्या पोरांना तरी वाडीतल्या घरात झोपवावं. महाराजांच्या वाटेवरची माणसं कशी राहतात, हे त्यांना तिथंच कळेल.

दुसऱ्या दिवशीची चाल जंगलातून. झाडी इतकी दाट की पाऊस थांबला तरी पानांवरून गळत राहायचा. पांढरेपाणी ओलांडून पावनखिंडीत उतरलो की घोषणा आपोआप निघायच्या, मग सगळे गप्प होऊन दगडावर डोकं टेकवायचे. बाजीप्रभू आणि त्यांचे बांदल जिथं लढले ती ही घोडखिंड. कासारी नदी याच मुलखात उगम पावते. दरवर्षी मामा नव्या पोरांना ओढ्याकाठी उभं करून सांगायचे, "हेच पाणी पुढं आपल्या पंचगंगेच्या घाटाला येतंय, प्या." पोरं ओंजळी भरभरून प्यायची आणि मग मलकापूरमार्गे घरी जाणाऱ्या ट्रकात जागा धरायला पळायची.